क्लायटसचा पूर्वपक्ष

मला ओळखणारे लोक हे प्रकरण हातात घेतील ते हसायच्या तयारीनेच. त्यांची चूक नाही. जळगावात गेल्या कित्येक वर्षांत असं एकही लग्न झालं नसेल, की जेवणं उरकून लोक सुपारी कातरत बसले आणि कुणी तरी "यशवंतराव, तो सिकंदराचा शिपाई होऊन जाऊ द्या" असं ओरडलं नाही. मी दोनदा नको म्हणतो. घसा बसला आहे म्हणतो. तिसऱ्यांदा आग्रह झाला की उठतो, शेजारच्याचं उपरणं ओढून खांद्यावर टाकतो, आणि मग दहा मिनिटं मांडवात कुणाला घोटभर पाणी पिता येत नाही. एकदा एक व्याही हसता हसता पाटावरून खाली पडले होते. वकिली करून मी जेवढा नावारूपाला आलो नाही, तेवढा या एका नकलेने आलो.

नक्कल मी नेहमी एका ठरावीक जागी थांबवतो. लोक समजतात, ती तिथेच संपते. ती तिथे संपत नाही, आणि ज्याला नक्कल म्हणून टाळ्या पडतात ते एका खऱ्या माणसाचं खरं भाषण होतं, हे मी आजवर एकाही मांडवात सांगितलेलं नाही. आता पन्नाशी उलटली. मांडवात जे सांगण्याची हिंमत झाली नाही, ते कागदावर तरी सांगून टाकतो.

तेव्हा आम्ही धुळ्याला राहत होतो. वडील, म्हणजे नाना, कलेक्टर कचेरीत कारकून होते. आमच्या कुळात नांगर सोडून खुर्चीवर बसलेला पहिला माणूस, त्यामुळे ते खुर्चीवर बसत ते सुद्धा कुणी उठवील या भीतीने जरा पुढे सरकूनच. त्यांनी घराला एक कायदा घालून दिला होता. पुढच्या खोलीत कचेरीची मराठी बोलायची. स्वयंपाकघरात कोणी काय बोलावं, याला त्यांची मनाई नव्हती. आई चोपड्याकडच्या खेड्यातली. तिची बोली अहिराणी. चुलीपुढे ती पाण्यासारखी बोले आणि उंबरा ओलांडून पुढच्या खोलीत आली की एकदम मुकी होई, किंवा पाहुण्यांसमोर "बसावं", "घ्यावं" असे दोनचार शब्द जपून ठेवलेल्या कपबशीसारखे काढी. आम्हा पोरांना यात काही विशेष वाटत नसे. मला तर दोन्ही बोली येत, आणि कुठली कुठे वापरायची याची जाण मला फार लवकर आली. ती जाण म्हणजे हुशारी, असं मी समजत होतो.

सकाळी कापसाच्या जिनिंग कारखान्याचा, म्हणजे जिनाचा, भोंगा व्हायचा आणि त्याच्या पाठोपाठ आईच्या भाकरीची थाप सुरू व्हायची. कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेली, काळसर, जरा खरबरीत. तिच्याबरोबर हिरव्या मिरचीचा ठेचा आणि हिवाळ्यात वांग्याचं भरीत. भरताची वांगी आई कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजायची आणि तो धूर अंगाला, कपड्यांना, माझ्या व्याकरणाच्या पुस्तकाला सुद्धा लागायचा. शाळेत माझ्या शेजारी बसणारा एक सावकाराचा मुलगा नाकाला रुमाल लावी. मी आईला काड्यांवर वांगी भाजू नकोस असं सांगितलं. ती म्हणाली, "मंग भरीत कसानं खासी?" तेव्हा मी तो विषय सोडला, कारण भरीत मला हवं होतं. फक्त वास नको होता.

बुधवारी दुपारी मागल्या दारी भिकनभाऊ यायचा. गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचा तो शिपाई. तिशीच्या आतबाहेरचा, उंच, वाळका, खांद्यावर सदा पुस्तकं झटकायचं फडकं. बायकांनी वाचनालयात जाऊन बसण्याचा काळ नव्हता, म्हणून सभासदांच्या घरी तो पिशवीतून पुस्तकं पोचवी आणि जुनी घेऊन जाई. आईला नानांनी अक्षरओळख करून दिली होती, पण वाचायची चटक लावली ती भिकनभाऊने. तोही चोपड्याकडचाच. आईला तो अक्का म्हणे. उंबऱ्याच्या आत आई आणि बाहेर पायरीवर तो, असे दोघे अहिराणीत पुस्तकांवर बोलत बसत. "अक्का, हाई लेजो नका, यामा शेवट वंगाळ शे," असं तो खुशाल सांगे. शाळा चौथीपर्यंत. पण वाचनालयातलं प्रत्येक पुस्तक त्याने आधी झटकलं आणि मग वाचलं, आणि इंग्रजीही असंच, शब्दकोश मांडीवर घेऊन, एका एका ओळीला पाव पाव तास लावून शिकला.

त्याच वाचनालयात शनिवारी दिवेलागणीला वादसभा भरे. सभेचे अध्यक्ष आमच्या शाळेतले म्हातारे संस्कृत शिक्षक, सगळे त्यांना शास्त्रीबुवा म्हणत. त्यांनी सभेला एक नियम लावला होता, आणि तसा नियम मी पुढे मुंबईच्या कोर्टातही पाहिला नाही. विरोधकाला उत्तर देण्याआधी त्याच्याकडे तोंड करून उभं राहायचं आणि त्याचं म्हणणं आपल्या तोंडाने मांडायचं. हा पूर्वपक्ष. तो असा मांडायचा, की विरोधकाने उठून "मान्य" म्हटलं पाहिजे. तो "अमान्य" म्हणाला तर पुन्हा मांडा. तीनदा अमान्य झालं तर तुम्ही हरलात, घरी जा. भलेभले वक्ते या नियमापुढे घामाघूम होत, कारण दुसऱ्याचं ऐकण्याची सवय कुणालाच नव्हती. मला मात्र हा नियम फार मानवला. दुसऱ्याचं म्हणणं नव्हे, दुसऱ्याचा आवाज, त्याची मान, त्याचा खोकला, सगळं माझ्यात आपोआप उतरायचं.

त्या वर्षी वाचनालयात अलेक्झांडरवरचा एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ आला आणि अख्खी सभा वेडी झाली. पोरस आणि अलेक्झांडर एवढंच आम्हाला शाळेत ठाऊक. आता कळलं की या राजाभोवती बालमित्रांचं एक कडं होतं, आणि मजा सगळी त्या कड्यात आहे. कोण खरा मित्र, कोण भाट, कुणाचा काटा कुणी काढला, यावर पानाच्या ठेल्यापर्यंत वाद. आमच्या पोस्टमास्तरांनी राजाच्या जिवलग मित्राची, हेफेस्टियनची, बाजू घेतली, ती इतकी की त्याच्याविरुद्ध बोलणाऱ्याचं टपाल उशिरा येतं अशी बोलवा उठली. मोमीनपुऱ्यातले एक विणकर चाचा दाराशी उभे राहून ऐकत आणि शेवटी म्हणत, "तुमचा सिकंदर वेगळा दिसतो बाबा, आमचा तर अमृत शोधायला गेला होता." आणि सगळ्यांत जास्त भांडण व्हायचं ते क्लायटसवरून.

वाचणाराला ठाऊक नसेल तर सांगतो. क्लायटस हा अलेक्झांडरचा सरदार, त्याच्याहून वयाने मोठा. पहिल्याच मोठ्या लढाईत मागून राजाच्या डोक्यावर तलवार पडणार, इतक्यात क्लायटसने पुढे होऊन ती उगारलेला हात खांद्यापासून तोडला. म्हणजे पुढचं सगळं जग जिंकलं ते क्लायटसने राखलेल्या डोक्याने. पुढे काही वर्षांनी समरकंदला मेजवानी चालली होती. राजा देव झाला होता, भाट त्याची स्तुती गात होते. क्लायटसने सगळ्यांसमोर त्याला त्या हाताची आठवण करून दिली. मित्रांनी त्याला ओढून बाहेर नेलं, तो दुसऱ्या दाराने परत आला. राजाने पहारेकऱ्याचा भाला हिसकला आणि त्याला जागच्या जागी मारलं.

आता माझ्या क्लायटसविषयी. सभेत मी पहिल्यांदा बोलायला उभा राहिलो तेव्हा माझं वय सोळा. दुसऱ्याच वाक्याला भाषण डोक्यातून साफ पुसलं गेलं. समोर नाना बसलेले. त्यांच्या शेजारी वाचनालयाचे अध्यक्ष, रावसाहेब. मला फक्त नानांच्या टोपीवरचं, गोंडा झडलेलं बटण दिसत होतं. तेवढ्यात टांगत्या दिव्याची वात भसकन खाली गेली आणि खोलीत अंधार झाला. "घासलेट सरलं वाटतं, मंडळी, जरा थांबा," असं भिकनभाऊचा आवाज म्हणाला, आणि स्टूल सरकवत सरकवत तो माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "दुसरा मुद्दा, वय. पोरसचं वय." दिवा लागला तेव्हा मी धबधब्यासारखा बोलत होतो. दिव्यात घासलेट काठोकाठ होतं. हे त्याने कधी कुणाला सांगितलं नाही, मलाही नाही. घासलेटचा डबा त्याने आणलाच नव्हता, आणि सभा सुटल्यावर मीच दिवा हलवून पाहिला होता.

वर्षभराने उपग्रंथपालाची जागा निघाली. भिकनभाऊने अर्ज केला. कार्यकारी मंडळात कुजबुज झाली की शिपायाला खुर्ची कशी द्यायची, सभासद त्याला मानतील का. रावसाहेब गावातले नामांकित वकील, वाईट माणूस नव्हे. त्यांनी तोड काढली, की येत्या शनिवारी भिकनला सभेत बोलू द्या, सभासदांनी त्याचं नीट ऐकून घेतलं तर मी सही करतो. विषय शास्त्रीबुवांनी दिला. क्लायटसच्या मरणाचा दोष कुणाचा? राजाचा, की त्याला चिडवणाऱ्या क्लायटसचाच? विरोधात कोण, असं विचारल्यावर भिकनभाऊ म्हणाला, "यशवंतभाऊ. ते मनं म्हननं बरोबर मांडतीन."

आपलं म्हणणं मी बरोबर मांडीन, म्हणून त्यानेच मला मागून घेतलं. हे मी मांडवात सांगत नाही.

शनिवारी वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. भिकनभाऊने धुतलेलं धोतर, पांढरा सदरा घातला होता आणि डोक्याला नवं पागोटं. फडकं मात्र सवयीने खांद्यावर राहून गेलं होतं. तो कचेरीच्या मराठीत सुरुवात करून बोलू लागला आणि दोन मिनिटांत त्याची बोली त्यात शिरली. "राजानी मारं, हाई बठ्ठास्ले माहीत शे," तो म्हणाला. "मी इचारस, बाकीना काय करत व्हतात?" त्याचं म्हणणं असं, की राजाने मारलं हे सगळ्यांनाच माहीत आहे, पण भाला एकट्या राजाच्या हातात आला नाही. वर्षानुवर्षं ज्या मित्रांनी त्याला तू देव आहेस असं सांगितलं, त्या प्रत्येकाने तो भाला थोडा थोडा पुढे सरकवला. खरं बोलणारा एकच उरला, म्हणून तो उद्धट दिसला. दहा जण खरं बोलले असते तर राजाला राग कुणाकुणाचा येणार? मुद्दा नवा होता. पोस्टमास्तर सुद्धा पुढे वाकून ऐकत होते. शास्त्रीबुवांनी डोळे मिटले होते, आणि ते झोपले नसून ऐकत असले म्हणजेच डोळे मिटत. बोलताना भिकनभाऊ प्रत्येक मुद्द्याआधी खांद्यावरचं फडकं काढी, समोरचं मेज एकदा पुसून घेई, बोटाला थुंकी लावून नसलेलं पान उलटी आणि मग बोले. कुणी हसलं नाही. मी हे शपथेवर सांगतो. मी उभा राहीपर्यंत त्या खोलीत एकही माणूस हसला नव्हता.

मी उभा राहिलो तेव्हा मला उत्तर सुचत नव्हतं. हेही मांडवात सांगत नाही. त्याचा मुद्दा मला पटला होता आणि मी हरणार हे दिसत होतं. मला उत्तर द्यायचं नव्हतंच खरं, आधी पूर्वपक्ष मांडायचा होता. मी पुढे बसलेल्या एकाचं उपरणं उचललं, खांद्यावर टाकलं, मान जराशी बगळ्यासारखी काढली, मेज पुसलं, बोट चाटलं, पान उलटलं आणि म्हणालो, "राजानी मारं, हाई बठ्ठास्ले माहीत शे."

पहिल्यांदा सावकाराचा मुलगा फिसकला. मग मागची ओळ. मग मी थांबतो कसला! त्याचा प्रत्येक मुद्दा मी घेतला, एकही सोडला नाही, एकही वाकवला नाही, आणि प्रत्येकाआधी मेज पुसलं. चौथ्यांदा पुसलं तेव्हा रावसाहेबांनी डोळ्यांना रुमाल लावला. खोली गदगदत होती. नाना हसत होते. कचेरीत बारा वर्षं ओठ दाबून बसलेले माझे नाना तोंड उघडून, सगळे दात दाखवून हसत होते, आणि ते मला दिसलं तसं मी पाचव्यांदा मेज पुसलं.

मग मी नियमाप्रमाणे भिकनभाऊकडे तोंड करून उभा राहिलो. हसू ओसरेना. शास्त्रीबुवा एकटे हसत नव्हते. त्यांनी विचारलं, "भिकन, हा तुझा पूर्वपक्ष आहे का? अमान्य म्हणायचं असेल तर म्हण." त्यांनी त्याला दार उघडून दिलं होतं. तो अमान्य म्हणाला असता तर कुणीही त्याला दोष दिला नसता. तो उठला. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं तो मनातल्या मनात माझी वाक्यं आपल्या वाक्यांशी ताडून पाहत होता. मग म्हणाला, "मान्य. एक बी मुद्दा सुटना नही."

यावर सगळ्यांत मोठा हशा झाला. मांडवातली नक्कल इथेच संपते.

त्यानंतर मी काहीबाही उत्तर दिलं, ते मला आठवत नाही, कुणालाच आठवत नसेल. समारोपाची दोन मिनिटं भिकनभाऊची होती. तो बोलायला उभा राहिला, आणि सवयीने त्याचा हात खांद्यावरच्या फडक्याकडे गेला. खोली पुन्हा फुटली. त्याने हात खाली घेतला. तोंड उघडलं. पुन्हा हशा. मेजापाशी दोन्ही हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना. मग तो खाली बसला.

सभा संपल्यावर माझ्या पाठीवर इतके हात पडले की अंग दुखलं. नानांनी बाजारातून जिलबी घेतली, पावशेर नव्हे, शेरभर. अलेक्झांडर क्लायटसला मारल्यावर तीन दिवस तंबूत अन्नाला शिवला नाही, असं पुस्तकात आहे. मी त्याच रात्री अकरा जिलब्या खाल्ल्या. शिवाय तो प्यायलेला होता. मी नुसता चहा प्यायलो होतो.

पण त्या सभेचं मी एक वेळ पोरवयावर ढकलून दिलं असतं. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, रावसाहेब आमच्या घरी आले. एवढा मोठा माणूस आमच्या पुढच्या खोलीत पहिल्यांदाच येत होता. नाना खुर्चीच्या आणखी पुढे सरकले. आईने फुणके आणि कढी केली होती, तुरीच्या डाळीचे वाफवलेले लांबट गोळे, ते रावसाहेबांना आवडतात असं नानांना कुठून तरी कळलं होतं. खाता खाता रावसाहेब म्हणाले, "यशवंता, तुझी कालची नक्कल आमच्या घरात कुणी बघितली नाही. धाकट्या भावाला मुद्दाम बरोबर आणलं आहे. एकदा होऊन जाऊ दे." नानांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात हुकूम नव्हता, विनंती होती. बाप मुलाकडे अशा नजरेने बघतो तेव्हा फार सुख वाटतं.

मी उठलो. आदल्या दिवशी घाई होती, भीती होती. आज काहीच नव्हतं. मी अगदी सावकाश, चवीने केली. एक जागा आदल्या दिवशी कच्ची राहिली होती, ती सुधारली. रावसाहेब हसून हसून खोकू लागले, पाणी प्यायले आणि भावाला म्हणाले, "आता सांग, याला उपग्रंथपालाच्या खुर्चीत बसवला तर पोरं पुस्तक मागायला येतील की तमाशा बघायला? माणूस चांगला आहे. पण नाही जमायचं. नाशिकहून कुणी तरी बघावा लागेल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "का रे, तुझं काय मत? तुला त्याची जास्त माहिती."

मत विचारलं होतं. मला. दिव्याचं सांगता आलं असतं, शब्दकोशाचं सांगता आलं असतं. निदान एवढं तरी, की साहेब, मी हरत होतो म्हणून नक्कल केली. मी बोट चाटलं आणि नसलेलं पान उलटलं. रावसाहेबांना तेवढं उत्तर पुरलं.

ते गेल्यावर मी रिकामी ताटं घेऊन स्वयंपाकघरात गेलो. आई चुलीपुढे पाठमोरी बसली होती. दार उघडंच होतं, तिने सगळं ऐकलं होतं. ती वळली नाही. म्हणाली, "त्यानी झायी. आते मनीबी करी दखाड ना, भाऊ."

मी म्हणालो, "तुझी नक्कल कशाला?"

"का? मीबी तशीच बोलस. करी दखाड. पाव्हनास्ले आवडी."

ताटं मी मोरीत ठेवली आणि बाहेर निघून गेलो. इतकी वर्षं झाली, कोर्टात उलटतपासणी घेताना साक्षीदाराला गप्प करायचं असलं की मी कसा आवाज काढावा याचा विचार करतो, आणि मला तो चुलीपुढचा सपाट आवाज आठवतो. तो मला काढता येत नाही. बाकी सगळ्यांचे येतात.

बुधवारी भिकनभाऊ नेहमीप्रमाणे मागल्या दारी पुस्तक घेऊन आला. मी माडीवर होतो, खाली उतरलो नाही. पुढचे बुधवारही माझं काही ना काही निघत गेलं. महिन्याभराने नाशिकहून उपग्रंथपाल आले. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात हे त्यांना भिकनभाऊने पंधरा दिवस बरोबर हिंडून दाखवलं, आणि मग नोकरी सोडून तो जळगावकडे निघून गेला. कुठल्याशा जिनात कपाशीच्या तोलाईवर लागला असं आई एकदा म्हणाली. पुढे मी वकील होऊन जळगावातच बिऱ्हाड केलं. जिनं तिथे किती असतील? बोटावर मोजण्याइतकी. घरून कोर्टात जाताना वाटेतच तीन लागत. मी नदीकडच्या रस्त्याने जात असे. हवा चांगली असते, असं बायकोला सांगत असे.

आणि माझी समजूत घालायला मित्र होतेच. पोरवयात होतं असं, तो कुठे रागावला, उलट तुझ्यामुळे त्याचं नाव तरी झालं. मी मान डोलवत असे. अलेक्झांडरकडे या कामाला एक तत्त्वज्ञ होता. राजा करील तोच न्याय, असं त्याने सांगितलं म्हणे. मला तसला मोठा माणूस लागला नाही. पाच-सहा वकिलांवर भागलं.

गेल्या वर्षी चाळीसगावचं एक काम उरकून मुंबईला जाण्यासाठी मी तिथल्या फलाटावर गाडीची वाट बघत होतो. सकाळची वेळ. बाकावर एक म्हातारा आणि दहा-अकरा वर्षांची मुलगी शिदोरी सोडून बसले होते. म्हाताऱ्याने मला आधी ओळखलं. "यशवंतभाऊ!" तो असा ओरडला, की जणू काल भेटलो होतो. दात गेले होते, उंची तेवढीच. धुळ्याला भाचीच्या लग्नाला निघाला होता. मुलगी त्याची नात. त्याने माझ्या हातात भाकरी ठेवली आणि नातीला म्हणाला, "हाऊ दख, यास्ना समोर मी भाषन करं व्हतं. धुळाले. शंभर मानूस." नात माझ्याकडे वळून म्हणाली, "आबा रोज सांगतस. घरमा कोनाले खरं वाटत नही." आणि भिकनभाऊ म्हणाला, "सांगा ना इले, मी काय बोलनू व्हतू."

मी सांगायला सुरुवात केली. देवाशप्पथ, सरळ सांगणार होतो. पण ते शब्द इतकी वर्षं माझ्या तोंडातून एकाच वाटेने बाहेर पडलेले. मान आपोआप लांब झाली. हात खांद्याकडे गेला. बाक पुसलं. पोरगी खळखळून हसली, शिदोरी बाजूला सारून हसली, आणि मी, मला लाज वाटते लिहायला, मी आणखी रंगलो. नेहमीच्या जागी पोचलो आणि थांबलो.

भिकनभाऊही हसला होता. त्याने नातीचं हसू सरेपर्यंत वाट पाहिली. मग म्हणाला, "हासनं व्हयनं? आते आयक. शेवटनं ऱ्हायी गयं व्हतं." आणि बाकावर बसल्या बसल्या, हात मांडीवर ठेवून, त्याने आपल्या समारोपाची दोन मिनिटं पुरी केली.

"राजा तीन दिन जेवना नही. रडना. दोस्त उनात, म्हने, राजा कधी चुकत नही, ऊठ. चौथा दिन तो उठना, जेवना, लढाईले निंघी गया. बरं. पन क्लायटसनी बहीन? ती राजानी दाई. तिनी त्याले दूध पाजं. तिना दोन आंडोर, पोटना पोरे, त्यानाच लढायास्मा मरनात, नि आते भाऊ बी त्यानाच हातनी मरना. बठ्ठा जन राजानी समजूत काढाले बसनात. तिनाकडे कोन गयं? मी आखं पुस्तक धुंडं. एक बी मानूस गया नही."

मुलगी आता माझ्याकडे न बघता आबाकडे बघत होती. माझ्या हातातली भाकरी तशीच होती. मी म्हणालो, "भिकनभाऊ, मी यायला हवं होतं."

"कोठे?" त्याने विचारलं.

तो खरोखरच विचारत होता. त्याच्या मनात मी नव्हतोच. तो क्लायटसच्या बहिणीविषयी बोलत होता. मग जरा पुढे सरकून, डोळे बारीक करून त्याने मला विचारलं, "यशवंतभाऊ, एक सांगा. कैक साल झायात, मी इचार करस. त्या दिन मी हाई बोलतू, ते तुम्ही काय उत्तर देतात?"

तीस वर्षांच्या वकिलीत मला असा सरळ प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी खूप शोधलं. धुळ्याच्या गाडीची घंटा झाली, लोक उठले, गाठोडी उचलली गेली, आणि मी म्हणालो, "उत्तर नव्हतं, भिकनभाऊ. आजही नाही."

त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी याआधी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिला नाही, कुठल्याही अशिलाच्या नाही. तो उठला, नातीचा हात धरला आणि गर्दीतून डब्याकडे जाता जाता तिला मोठ्याने सांगू लागला, "आयकं ना? वकीलले उत्तर नही! तो वाद मी जिकनू. घर जायसन सांगजो बठ्ठास्ले."

माफी माझ्या तोंडाशी आली होती. ती तेव्हा मागितली असती, तर त्याचा तो विजय मी दया म्हणून टाकलेला तुकडा झाला असता. म्हणून मी ती गिळली, की इतकी वर्षं टाळली तशीच आणखी एकदा टाळली, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.